नटाकडे रडू मागू नका, त्याला काम द्या

अभिनयाच्या शिबिरांत एक व्यायाम हमखास घेतला जातो. दिवे मंद करतात, मुलांना जमिनीवर उताणं झोपवतात आणि हळू आवाजात सूचना सुरू होतात. डोळे मिटा. आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा प्रसंग आठवा. तिथे कोण होतं ते पाहा, तिथला वास घ्या, आता ते सगळं बाहेर येऊ द्या. दहा मिनिटांत अर्धी खोली हुंदके देत असते. ज्याला रडू येत नाही तो अवघडून पडून राहतो आणि आपल्यात काहीतरी कमी आहे असं समजून घरी जातो. ज्याला येतं त्याला वाटतं, जमला आपल्याला अभिनय. या सगळ्याला नाव दिलं जातं रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचं.

हा व्यायाम तीन-चार दिवसांच्या शिबिरांतून, विशेषतः अठरा-वीस वर्षांच्या मुलांसाठी, पूर्ण बंद व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून मुलांना इजा होऊ शकते हे त्याचं एक कारण. दुसरं कारण तंत्राचं आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. मानसशास्त्राचा आधार घेणाऱ्या वास्तववादी अभिनयाचा पाया दोन गोष्टींवर उभा आहे : पात्राची परिस्थिती, आणि त्या परिस्थितीत पात्र समोरच्या माणसाकडून काय मिळवू पाहतं. भावना हे त्या दोहोंतून येणारं फळ आहे. फळ ओढून झाड वाढत नाही.

तंत्राचं आधी पाहू. ‘दार उघड’ म्हटलं तर कुणालाही दार उघडता येतं. ‘रागाव’ म्हटलं तर रागावता येत नाही. हात, पाय, नजर, जीभ आणि बऱ्याच अंशी श्वास आपल्या इच्छेच्या ताब्यात असतात; हृदयाचे ठोके, घाम, अश्रू, चेहऱ्याचा उडणारा रंग नसतात. नट भावना थेट ओढायला गेला की त्याच्या हाती उरतात फक्त स्नायू. मग तो भुवया आक्रसतो, जबडा घट्ट करतो, मान आणि खांदे ताठ करतो. हा ताण आतून भावनेसारखाच जाणवतो, आणि खरा सापळा इथेच आहे. नटाला वाटतं आपण पेटलो आहोत, प्रेक्षकाला दिसतो आवळलेला माणूस. गळा आवळला की स्वर वर चढतो, शब्द तुटतात, आणि नजर आत वळते. नजर आत वळली की समोरचा नट दिसेनासा होतो. त्याने आज वाक्य वेगळ्या सुरात टाकलं तरी याचं उत्तर कालच्याच सुरात जातं.

शिवाय आठवणीची धार वापराने बोथट होते. तिसऱ्या प्रयोगाला आलेलं रडू तेराव्या प्रयोगाला येत नाही, आणि मग नट तिसऱ्या प्रयोगाची नक्कल करू लागतो. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर नाटकाचे शेकडो प्रयोग होतात, सुट्टीच्या दिवशी दुपार-संध्याकाळ असे दोन, त्यात बसने रात्रभराचा प्रवास. अशा धबडग्यात रोज एकाच जखमेवरची खपली काढून काम चालेल असं मानणं व्यवहारालाही धरून नाही.

मग हा समज आला कुठून? त्यासाठी थोडा इतिहास लागतो, कारण गैरसमजाचं मूळ तारखांमध्ये आहे.

कॉन्स्टॅन्टिन स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांनी १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर सुरू केलं. १९०६ च्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये विश्रांतीला असताना स्तानिस्लाव्हस्कींच्या लक्षात आलं, की इब्सेनच्या ‘एनिमी ऑफ द पीपल’ नाटकातल्या डॉक्टर स्टॉकमनची आपली गाजलेली भूमिका आतून रिकामी झाली आहे. चालण्याची ढब, हातांच्या लकबी, सगळं जागेवर होतं. ते ज्यातून निर्माण झालं ते उडून गेलं होतं. हेच पुन्हा पुन्हा कसं जिवंत करायचं, हा त्यांच्या पुढच्या बत्तीस वर्षांचा प्रश्न झाला. सुरुवातीच्या काळात त्यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबोच्या लेखनातून भावस्मृतीची, म्हणजे स्वतःचा जुना प्रसंग आठवून त्यातली भावना जागी करण्याची, कल्पना घेतली, आणि १९१२ साली सुरू झालेल्या फर्स्ट स्टुडिओत तरुण नटांवर तिचे भरपूर प्रयोग केले. नेमक्या याच काळात तिथे शिकलेले रिचर्ड बोलेस्लाव्हस्की आणि मारिया उस्पेन्स्काया पुढे अमेरिकेत शिकवू लागले. त्यांच्याकडे ली स्ट्रासबर्ग शिकले. १९३१ मध्ये न्यूयॉर्कला ग्रुप थिएटर ही नाटकमंडळी निघाली तेव्हा स्ट्रासबर्गनी भावस्मृतीला तालमीच्या केंद्रस्थानी बसवलं. पुढे ‘मेथड’ या नावाने जगभर जे पसरलं ते प्रामुख्याने हे.

मॉस्कोत मात्र म्हातारा पुढे निघून गेला होता. १९३४ मध्ये ग्रुप थिएटरची नटी स्टेला अ‍ॅडलर पॅरिसमध्ये स्तानिस्लाव्हस्कींना भेटली आणि पाच आठवडे रोज त्यांच्यासोबत काम करून परतली. तिने सहकाऱ्यांना सांगितलं, की ते आता भर देतात परिस्थितीवर आणि कृतीवर. स्ट्रासबर्गना हे पटलं नाही, तिथून दोन वाटा झाल्या. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत स्तानिस्लाव्हस्की ‘शारीर कृतींची पद्धत’ घडवत होते. ऑगस्ट १९३८ मध्ये ते गेले तेव्हा मोलिएरच्या ‘तार्त्युफ’च्या तालमी याच पद्धतीने चालू होत्या.

प्रकाशनातही एक अपघात झाला. त्यांनी एकाच अभ्यासक्रमाची दोन वर्षं म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला भाग, म्हणजे कल्पना, लक्ष, भावस्मृती हा आतला भाग, इंग्रजीत १९३६ ला आला. आवाज, उच्चार, शरीर, लय यांचा दुसरा भाग आला थेट १९४९ मध्ये. तेरा वर्षं जग अर्धंच पुस्तक वाचत होतं. पहिला भाग मराठीत के. नारायण काळे यांनी ‘अभिनयसाधना’ या नावाने आणला. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ करून मराठी रंगमंचावर वास्तववादाची खिडकी उघडणाऱ्या ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेतले ते एक, त्यामुळे हे काम त्यांच्याकडून होणं स्वाभाविकच होतं. शीर्षकात त्यांनी ‘साधना’ हा शब्द योजला याचं मला फार मोल वाटतं. साधना म्हणजे रोजची बैठक. साक्षात्काराची एक दुपार नव्हे.

आता प्रत्यक्ष काम. चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’च्या चौथ्या अंकातला लोपाखिन आणि वार्या यांचा प्रवेश घेऊ. १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरनेच हे नाटक पहिल्यांदा केलं. प्रवेश दीड-दोन पानांचा, चार-पाच मिनिटांत संपणारा. वास्तववादी अभिनयाचं सगळं शिक्षण या एका प्रवेशावर देता येईल, इतका तो भरलेला आहे.

परिस्थिती अशी. बाग आणि वाडा लिलावात गेला आहे, घेतला आहे लोपाखिननेच. त्याचे आजोबा-वडील याच मालकांचे भूदास होते. ऑक्टोबर महिना, बाहेर ऊन पण हवेत गारठा. सामान बांधून झालं आहे, गाडी गाठायला सगळे निघायच्या बेतात आहेत. वार्या ही मालकिणीची मानलेली मुलगी, घरच्या किल्ल्या सांभाळणारी. दोन वर्षं सगळे म्हणताहेत, की लोपाखिन तिला मागणी घालणार. आत्ता मालकीण त्याला एकट्याला गाठून विचारते, तो म्हणतो, मी तयार आहे, आत्ताच उरकून टाकू. मालकीण वार्याला बोलवायला आत जाते. दारामागे दबलेलं हसू, कुजबूज, आणि मग वार्या येते. ती सामानाकडे जाते आणि काहीतरी शोधू लागते. (पुढे ‘थांबा’ येतो तो संहितेत लिहिलेला विराम.) विचित्रच, सापडत नाहीये. काय शोधताय? मीच ठेवलं होतं, आठवत नाही. थांबा. आता तुम्ही कुठे जाणार? रागुलिनांकडे, घर सांभाळायला. म्हणजे याश्नेवोला, सत्तर व्हर्स्ट (साधारण तेवढेच किलोमीटर) असेल. मग तो हवेविषयी बोलतो : गेल्या वर्षी या सुमाराला बर्फ पडत होतं, आज ऊन आहे, पण थंडी आहे, शून्याखाली तीन अंश. ती म्हणते, मी पाहिलं नाही. थांबा. आमचा थर्मामीटर मोडलाय. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारतं, आणि या हाकेचीच वाट पाहत असल्यासारखा तो ‘आलो’ म्हणून झटकन निघून जातो. वार्या जमिनीवर बसते, कपड्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकते आणि आवाज न करता रडते.

‘मला दुःख होतंय’ असं यात कुणी म्हणत नाही. लग्नाचा शब्द कुणाच्या तोंडी नाही. ‘दुःखी हो’ अशी सूचना मिळालेली नटी इथे काय करते? ती दारातून येतानाच खांदे पाडून येते, कारण तिने नाटक वाचलं आहे, शेवट तिला माहीत आहे. शेवट आधीच खेळायला लागणं ही वास्तववादी नाटकातली सगळ्यात सामान्य चूक आहे. वार्याला शेवट माहीत नाही. तिला आत कुणीतरी सांगितलं आहे, जा, तो बोलणार आहे. ती आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आशेने त्या खोलीत पाऊल टाकते. ती आशा लपवायची कशी, हा तिचा प्रश्न आहे, आणि म्हणून हात सामानात जातात.

तिचं काम क्रियापदात मांडलं तर असं होईल : त्याला बोलायला जागा करून देणे, आणि आपण वाट पाहतोय हे त्याला कळू न देणे. आड काय येतं? बाईने स्वतः विचारायचं नाही ही रीत. आधीच्या अंकात ती हे बोललेलीही आहे. लोपाखिनचं काम : ती नक्की हो म्हणेल अशी एखादी खूण तिच्याकडून काढून घेणे. ती खूण देत नाही, कारण ती लपवण्यात गुंतली आहे. दोघंही आपापलं काम चोख करतात आणि त्यातूनच दोघांचं आयुष्य हुकतं. हवेचं वाक्य ही टाळाटाळ होते, तिथे त्याचं काम बदललेलं असतं : आता सुटका करून घेणे. काम बदललं की तुकडा बदलला. प्रवेशाच्या अशा भागाला स्तानिस्लाव्हस्कींचा रशियन शब्द साधा आहे, ‘कुसोक’, म्हणजे तुकडाच. आणि कामासाठी त्यांचा शब्द ‘झादाचा’. शाळेत गणिताच्या वहीत सोडवायला दिलेलं उदाहरण असतं ना, त्यालाही रशियनमध्ये तेच म्हणतात. इंग्रजीत त्याचा उद्देश झाला, ध्येय झालं, आणि नट उंच काहीतरी शोधू लागले. गणितातलं उदाहरण म्हटलं की डोकं ताळ्यावर राहतं. काय दिलं आहे, काय काढायचं आहे, कुठे अडतंय.

आता हातांचं. वार्या काय शोधते आहे ते चेकॉव्ह सांगत नाही, पण नटीला माहीत हवंच. जोडे असतील तर हात गाठोड्याच्या तळाला दाबून पाहतील. चांदीचा चमचा असेल तर बोटं घड्यांमधून सरकतील. हिशेबाची वही असेल तर कडा चाचपतील. आधी कुठलं गाठोडं, मग कुठली पेटी, कुठला दोर सोडावा लागतो, तो पुन्हा बांधायला वेळ आहे का, हे तालमीत ठरलेलं असावं. वस्तू ठरलेली नसेल तर हात कापडावरून नुसते फिरतात आणि दहाव्या रांगेतल्या माणसालाही कळतं, की बाई शोधत नाहीये, शोधल्यासारखं करते आहे. एकदा हात खरोखर शोधू लागले की डोळ्यांना काम मिळतं, कान मोकळे होतात, मागून येणारा त्याचा प्रत्येक शब्द आपोआप पाठीवर पडतो. शारीर कृतीचं रहस्य एवढंच आहे. ती लक्षाला खुंटी देते.

त्या दोन ‘थांबां’चंही तसंच. दिग्दर्शकाने ‘तीन मोजून पुढचं वाक्य घे’ म्हटलं, तर तिसऱ्या आकड्याला प्रेक्षागृहात खोकला ऐकू येणार. पहिल्या थांब्यात ती थांबते, कारण आता तो बोलेल. दुसऱ्या थांब्यात तिला कळतं, की तो बोलणार नाही; आणि तरी ती मोडक्या थर्मामीटरचं वाक्य टाकून त्याला अजून एक संधी देते. माझ्या मते सगळ्या प्रवेशातलं हे सगळ्यात धाडसाचं वाक्य आहे, आणि तेच सर्रास हळहळत म्हटलं जातं.

शेवटचं रडू मग आणावं लागत नाही. चार मिनिटं एखादी गोष्ट दोन्ही हातांनी दाबून धरली आणि ज्याच्यासाठी धरली तोच निघून गेला, तर हात सुटतात. एखाद्या प्रयोगाला डोळ्यांत पाणी आलं नाही, तरी प्रवेश कोसळत नाही. जमिनीवर बसणं आणि गाठोड्यावर डोकं टेकणं प्रेक्षकाला सगळं सांगतं. माणूस खऱ्या आयुष्यात रडू थोपवायला धडपडतो. रंगमंचावर रडू दाखवायला धडपडणारा नट म्हणूनच खोटा दिसतो.

काम क्रियापदात मांडायचं म्हटल्यावर विद्यार्थी ‘रागावणे’, ‘चिडणे’, ‘प्रेम करणे’ अशी क्रियापदं आणतात. ही व्याकरणाने क्रियापदं असली तरी अवस्था आहेत. कसोटी सोपी आहे. हे काम संपू शकतं का? संपलं हे मला कुणाच्या चेहऱ्यावरून कळेल? ‘रागावणे’ कधी संपतं? ‘त्याला खुर्चीतून उठवणे’ तो उठला की संपतं. मराठीत तर यासाठी खजिना आहे. आपली प्रयोजक रूपं पाहा : बोलतं करणे, वदवून घेणे, कबूल करवणे, हसवणे, ओशाळवणे, थोपवणे, बसवून ठेवणे. प्रत्येकात समोरचा माणूस व्याकरणानेच बांधलेला आहे. टोचणे, चाचपणे, गोंजारणे, कोंडीत धरणे, झुलवत ठेवणे ही तर थेट शरीरात उतरणारी क्रियापदं. परक्या परिभाषेच्या याद्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक तालीम-मंडळाने भिंतीवर शंभर मराठी क्रियापदं लिहून ठेवावीत, ती जास्त उपयोगी पडतील.

नाटक बसवण्याच्या आपल्या रिवाजात मात्र याला जागाच उरत नाही. पहिलं वाचन, मग भूमिकावाटप, ‘पुढच्या आठवड्यात पाठांतर करून या’, आणि लगेच हालचाली. घरी एकट्याने पाठ केलेलं वाक्य सुरासकट पाठ होतं. समोर कुणी नसताना तो सूर कशाला उत्तर देत होता? कशालाच नाही. एकदा सूर थिजला की पुढच्या वीस तालमी तो वितळवण्यात जातात, आणि बहुतेक वेळा तो वितळत नाही. यावर उपाय स्तानिस्लाव्हस्कींनी शेवटच्या काळात वापरला आणि त्यांच्या शिष्या मारिया क्नेबेल यांनी पुढे मांडून ठेवला. प्रवेश एकदा वाचायचा. कोण कुणाकडून काय काढू पाहतंय आणि प्रवेशाच्या शेवटी काय बदललेलं असतं एवढं ठरवायचं. संहिता मिटायची आणि लगेच उभं राहून स्वतःच्या शब्दांत तो प्रसंग करायचा. मग परत वाचायचं आणि पाहायचं, आपण कुठे घाई केली, लेखकाने आपल्यापेक्षा कुठे वेगळी वाट घेतली, आपल्याला दहा वाक्यं लागली तिथे त्याने दोन का वापरली. पुन्हा उभं राहायचं. चार-पाच फेऱ्यांत लेखकाची निम्मी वाक्यं आपसूक तोंडात येतात, आणि ती गरजेपोटी आलेली असल्यामुळे त्यांना थिजलेला सूर नसतो. दोन अंकी नाटकाला तीस तालमी मिळणार असतील, तर त्यांतल्या पहिल्या आठ अशा खर्च कराव्यात. वेळ वाया जातो असं निर्मात्याला वाटेल, पुढे वाचतो.

एक काम मात्र नटाने एकट्यानेच करायचं आहे : विंगेतली शेवटची दोन मिनिटं. मी कुठून येतोय, तिथे काय झालं, चपला ओल्या आहेत का, जेवण झालंय का, दार उघडल्यावर मला आत कोण दिसेल अशी अपेक्षा आहे. जादूचा ‘जर’ म्हणतात तो हाच. मी हा माणूस आहे असं मानायला तो सांगत नाही. मी या जागी, या वेळी, या अडचणीत असतो तर काय केलं असतं, एवढंच विचारतो. या प्रश्नाचं उत्तर वेडं व्हायला लावत नाही, कामाला लावतं. विंगेत मोबाइल पाहणारा नट पहिली दोन वाक्यं प्रवेशाबाहेर उभा राहून बोलतो, कितीही मुरलेला असला तरी.

ऐकण्याच्या सरावासाठी फार साहित्य लागत नाही. एक मिनिट फक्त खोलीतले आवाज, मग एक मिनिट जिन्यातले, मग रस्त्यावरचे, आणि पुन्हा उलट क्रमाने आत. लक्षाची वर्तुळं म्हणतात ती अशी आखली जातात. आठवडाभर रोज केलं तर फरक दिसतो. अमेरिकेत सॅनफर्ड माइझनर यांनी समोरच्याचंच वाक्य त्याला परत देण्याचा व्यायाम रचला. तो वीस मिनिटं केला तरी कळतं, की आपण किती कमी ऐकतो.

आवाजाबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण ‘नैसर्गिक’ अभिनयाच्या नावाखाली आपल्याकडे पुटपुटणं शिरलं आहे. मालिकेत माइक हनुवटीखाली असतो. नाट्यगृहात शेवटची रांग असते, बाल्कनी असते. आणि मराठी वाक्याची रचनाच अशी, की क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. ‘मी त्या दिवशी तिला तिथे पाहिलं नव्हतं’ यात ‘नव्हतं’ गिळलं, तर प्रेक्षक उलट अर्थ घेऊन घरी जातो. इंग्रजी नटाची शेपटी पडली तर रंग जातो, मराठी नटाची पडली तर अर्थच जातो. त्यामुळे श्वास क्रियापदापर्यंत पुरेल असा घेणं, वाक्याचा भार शेवटापर्यंत नेणं, ही आपल्या भाषेतल्या वास्तववादाची पहिली अट आहे. आणि भावना ओढण्याने गळा आवळतो तेव्हा सगळ्यात आधी बळी जातं ते हेच शेवटचं क्रियापद. आधी जे तंत्राचं म्हटलं ते इथे कानाला ऐकू येतं.

काही जण म्हणतात, हा सगळा परदेशी खटाटोप कशाला, आपल्याकडे भरतमुनी आहेत. आहेतच, आणि त्यांना नीट वाचलं तर ते याच बाजूने बोलतात. रस कसा निर्माण होतो हे सांगणाऱ्या त्यांच्या रससूत्रात पहिला शब्द विभाव आहे. विभाव म्हणजे कारण, म्हणजे कोण, कुठे, कशामुळे. मग अनुभाव, म्हणजे शरीर आणि वाणीतून दिसणारी कृती. भावनेला थेट हात घालायला ते सांगत नाहीत. आठ सात्त्विक भाव ते मोजतात : स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज फाटणं), वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). ही अशीच यादी आहे, की जी इच्छेने करता येत नाही. आणि ते साधण्याचा मार्ग ते सांगतात एकाग्र झालेलं मन. त्यांचं नाट्य अर्थात वास्तववादी नाही, लोकधर्मी (लोकव्यवहारासारखं) आणि नाट्यधर्मी (रंगमंचाच्या संकेतांनुसार) असा भेद ते स्वतःच करतात, आणि दोन्ही परंपरांची ओढून-ताणून सोयरीक जमवण्यात मला रस नाही. पण ‘आपली परंपरा भावनेची’ हे वाक्य भरताच्या नावावर खपवू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भावस्मृती वापरून मोठे नट घडले आहेत, मग ती सरसकट नाकारायची का? नाकारायची नाही. प्रौढ, घडलेला नट घरी बसून, स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या आठवणीतून एखादा धागा घेत असेल, तर तो त्याचा खासगी खजिना आहे. दिग्दर्शकालाही तो काय हे कळण्याची गरज नाही. स्वतः स्ट्रासबर्ग किमान सात वर्षं जुनी आठवण घ्यायला सांगत, आणि तिच्याआधी वस्तूंच्या स्पर्श-वासाचे, अगदी हातातल्या कपाचे, दीर्घ व्यायाम असत. त्यांच्या पद्धतीवर माझे मतभेद आहेत, पण तिला शिस्त होती. शनिवारी ओळख, रविवारी मृत वडिलांची आठवण आणि सोमवारी प्रमाणपत्र, ही त्या पद्धतीचीही विटंबना आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मनात काय दबलेलं आहे हे शिबिर घेणाऱ्याला माहीत नसतं. ते वर आलं तर सांभाळायचं शिक्षण त्याला नसतं. आणि वीस अनोळखी मुलांसमोर तिने ते उघडलं की ते परत घेता येत नाही.

म्हणून शिबिर भरवणाऱ्या महाविद्यालयांनी आणि संस्थांनी मार्गदर्शक ठरवतानाच लेखी विचारावं, की रोज काय व्यायाम घेणार. कुणाच्याही खऱ्या आयुष्यातला आघात वर्गात मागितला जाणार नाही, ही अट घालावी. कुणालाही कारण न देता व्यायामातून उठून जाण्याची मुभा असावी, आणि ती पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करावी. पालकांनी फी भरण्यापूर्वी एवढं विचारलं, तरी पुष्कळ गोष्टी सुधारतील. तीन दिवसांत खरंच शिकवता येण्यासारखं पुष्कळ आहे : स्नायू सैल करणं, ऐकणं, एका प्रवेशाचे तुकडे पाडणं, कामाला क्रियापद देणं, सुईशिवाय सुईत दोरा ओवून पाहणं. शेवटचा व्यायाम करून पाहा. दोऱ्याचं टोक ओलं करायला आपण विसरतो, आणि विसरलो हे बघणाऱ्याला आधी कळतं.

राहिले परीक्षक. एकांकिका स्पर्धांतली मुलं दोन महिने जीव काढून तालमी करतात, आणि ती तेच करतात ज्याला गुण मिळतात. शेवटच्या पाच मिनिटांतल्या आक्रोशाला अभिनयाचं बक्षीस मिळत राहिलं, तर पुढच्या वर्षी लिहिणारा मुलगा संहितेतच आक्रोश लिहितो. तेव्हा गुणपत्रिकेत ‘भावनिक तीव्रता’ असा रकाना असेल तर तो काढून तिथे ‘ऐकणं आणि प्रतिसाद’ असा करावा. आणि प्रत्येक एकांकिकेतला एक प्रवेश परीक्षकांनी बोलणाऱ्या नटाकडे न पाहता, ज्याला त्या वेळी वाक्य नाही त्या नटाकडे पाहून तपासावा.